चित्राची वीज कुठून येते

कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत अलीकडे एका तऱ्हेचं काम हमखास दिसतं. अंधार केलेली खोली, भिंतभर प्रोजेक्शन, त्यात एक जंगल, आणि ते बघता बघता विरळ होत जातं. जंगल कधी मुंबईतल्या आरेचं असतं, कधी छत्तीसगडमधल्या हसदेवचं. झाडं पुष्कळदा वारली पद्धतीने, गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनी काढलेली असतात. मागे करवतीचा आवाज, मधूनच एखाद्या सरकारी आदेशातली ओळ. काम करणारा विद्यार्थी वीस-बावीस वर्षांचा असतो आणि त्याला खरोखर काही सांगायचं असतं. झाड तोडणं हा निसर्गाइतकाच सत्तेचाही प्रश्न आहे, कोणाचं जंगल जातं आणि कोणाला त्यातून सोय मिळते हे आधी कुठेतरी ठरलेलं असतं, हे त्याला कळलेलं असतं. अशा कामांकडे मी गांभीर्याने बघतो, म्हणूनच त्यांना एक अवघड प्रश्न विचारावासा वाटतो. भिंतीवरचं जंगल ज्या विजेवर उजळतं ती आपल्याकडे मुख्यतः कोळशातून येते, आणि कोळशासाठीही जंगलच तुटतं. हसदेव तर त्यासाठीच तुटतं आहे. मग हे चित्र स्वतःच्याच म्हणण्याविरुद्ध उभं आहे का? हा प्रश्न तंत्रज्ञानाचा वाटला तरी मुळात धर्माचा आहे, म्हणजे साध्य आणि साधन यांच्या नात्याचा. माझं म्हणणं असं आहे, की कलाकृतीचं साधन तिच्या अर्थाबाहेर राहू शकत नाही. पण त्यावरून ते साधन वर्ज्य ठरत नाही. त्यावरून एवढंच ठरतं, की साधनाचा हिशेब कलाकृतीच्या आत आला पाहिजे.

आधी हा हिशेब केवढा आहे ते पाहू, कारण त्याबद्दल एकतर काहीच बोललं जात नाही किंवा फार मोठ्याने बोललं जातं. तीन मिनिटांचं त्रिमितीय अ‍ॅनिमेशन, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 4,320 फ्रेम झाल्या. पानापानावर प्रकाश पाडायचा, सावल्या खऱ्या वाटायला हव्या, तर साध्या मशीनवर एका फ्रेमला दोन मिनिटं सहज लागतात. म्हणजे एकूण 144 तास, सहा दिवस आणि सहा रात्री. ग्राफिक्स कार्डासकट ते मशीन 400 वॅट खात असेल तर एका रेंडरला, म्हणजे सगळ्या फ्रेम एकदा घडवून घ्यायला, सुमारे 58 युनिट होतात. आणि एका रेंडरमध्ये कोणाचंच काम होत नाही. सर म्हणतात प्रकाश थोडा मवाळ हवा, मग पुन्हा सहा दिवस रेंडर लावायचं. कॅमेऱ्याची चाल खटकते, मग तिसऱ्यांदा. शिवाय प्रदर्शनात आठवडाभर, रोज आठ तास, 300 वॅटचा प्रोजेक्टर. सगळं मिळून दोनशे युनिटच्या अलीकडे आकडा थांबतो. कोळशावरच्या केंद्रात एका युनिटमागे 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो असं धरलं तर हे सव्वाशे किलोच्या आसपास जातं, म्हणजे पन्नास किलोची अडीच पोती. हा आकडा प्रचंड नाही. मध्यमवर्गीय घरातला एसी उन्हाळ्याच्या एका महिन्यात याहून जास्त वीज खाऊ शकतो. पण तो शून्यही नाही, आणि डिजिटल चित्राविषयी आपल्या मनात जी समजूत घट्ट बसली आहे ती शून्याची आहे. रंग लागत नाही, कागद लागत नाही, म्हणून चित्राला वजनच नाही असं आपण धरून चालतो. ते वजन असतं, फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात पडलेलं असतं.

त्या अंगणाचं नाव घेता येतं. मुंबईच्या उपनगरांना वर्षानुवर्षं वीज पुरवणारं 500 मेगावॅटचं औष्णिक केंद्र डहाणूला आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यावर ते सुरू झालं, आणि त्याआधीच, 1991 मध्ये, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला होता. चिकूच्या बागायतदारांच्या, मच्छीमारांच्या, आदिवासींच्या तक्रारी तेव्हापासूनच्या आहेत. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने या तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. आता दुसरी गोष्ट. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. लग्नघरात सवाशिणींनी काढायच्या चौकाची भाषा त्यांनी कागदावर आणि कापडावर आणली, देशोदेशी नेली; 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. म्हणजे मुंबईच्या उपनगरात बसून आरेच्या झाडांवर काम करणारा विद्यार्थी रेषा ज्या तालुक्यातून घेतो, त्याच तालुक्यात त्याच्या शहरासाठी कोळसा जळत आला आहे. आज ग्रिडमध्ये अनेक ठिकाणची वीज मिसळते, सौर आणि पवन ऊर्जेचा वाटाही वाढतो आहे, म्हणून अमुक युनिट अमुक केंद्राचं असं कोणी दाखवू शकणार नाही. पण नातं खरं आहे, आणि प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर त्यातलं काहीच नसतं. तिथे लिहिलेलं असतं: डिजिटल अ‍ॅनिमेशन, तीन मिनिटं.

साधन साध्यापासून वेगळं काढता येत नाही, हा विचार आपल्याकडे सर्वांत ठामपणे मांडला तो गांधींनी, 1909 च्या 'हिंद स्वराज'मध्ये. बीज आणि झाड यांचं जे नातं तेच साधन आणि साध्याचं, असं त्यांचं म्हणणं. वाद होता स्वराज्यासाठी हिंसा चालेल का याचा. पण युक्तिवाद त्याहून व्यापक आहे. कलेच्या बाबतीत मात्र तो मराठीत फारसा कोणी लावून पाहिलेला नाही. 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' या वादात फडके आणि खांडेकर यांच्या नावाने दोन तट पडले आणि ते कित्येक वर्षं भांडले; पण दोन्ही तटांचं भांडण कलाकृती काय सांगते आणि कोणासाठी सांगते यावरचं होतं. ती कशावर उभी आहे, तिच्यासाठी कुठे काय खर्ची पडतं, हा प्रश्न त्या वादाच्या कक्षेत आला नाही. तो यावा असं तेव्हा फारसं कारणही नव्हतं. कादंबरीच्या कागदासाठी बांबू तुटतच होता, पण कादंबरीचा विषय बांबूचं वन हा नव्हता. आज विषय आणि साधन एकाच ठिकाणी येऊन भिडले आहेत. जंगल वाचवा म्हणणारं चित्र जंगलाच्या बदल्यात उजळतं. अशा वेळी साधनाचा प्रश्न बाहेरून लादलेला राहत नाही. चित्राने निवडलेल्या विषयातूनच तो उभा राहतो.

या प्रश्नाला आपल्या परंपरेत एक फार जुनी वाट आहे. धर्मशास्त्रात पंचसूना नावाची कल्पना येते. गृहस्थाच्या घरात पाच ठिकाणी रोज नकळत जीवहत्या होते: चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. सूना म्हणजे वधस्थान. घरातल्या रोजच्या, निरुपद्रवी वाटणाऱ्या वस्तूंना वधस्थान म्हणण्याचं धाडस या कल्पनेत आहे, आणि या पापाच्या निष्कृतीसाठी रोजचे पाच महायज्ञ सांगितले आहेत. हे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात येतं. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचं दहन झालं आणि ते न्याय्य होतं. मी इथे त्याला प्रमाण मानत नाही, त्यात नोंदलेलं एक निरीक्षण तपासतो आहे. निरीक्षण अचूक आहे: जगण्याच्या साध्या साधनांतही हिंसा असते आणि ती मोजली पाहिजे. पण पुढचा उपाय बघा. चुलीपाशी आणि जात्यापाशी राबणारी बाई होती, पाप नोंदलं गेलं ते गृहस्थाच्या नावावर, आणि ते फेडलं गेलं ते घरातल्याच विधीने. मुंगी मेली तिच्याकडे काही परत गेलं नाही, जातं ओढणारीच्या हाताला विसावा मिळाला नाही. हिशेब घरातच उघडला आणि घरातच मिटला. आज विमानाच्या तिकिटासोबत किंवा एखाद्या कला महोत्सवाच्या खर्चात कार्बन क्रेडिट विकत घेऊन मोकळं होण्याची जी रीत आहे, तिची जात हीच आहे. पैसे भरणाऱ्याचं मन हलकं होतं. राख ज्याच्या बागेवर पडते त्याला कळतही नाही की आपल्या नावाने काही फेडलं गेलं.

जैन विचार याबाबतीत एक पाऊल पुढे जातो. गृहस्थाच्या हातून होणाऱ्या हिंसेचे तो चार प्रकार करतो: ठरवून केलेली ती संकल्पी, घर चालवताना होणारी ती आरंभी, उपजीविकेसाठी होणारी ती उद्योगी, आणि संरक्षणासाठी करावी लागणारी ती विरोधी. पहिली पूर्ण सोडायची. बाकीच्या तीन गृहस्थाला सुटत नाहीत हे मान्य करायचं, पण म्हणून त्या हिंसा नाहीत असं म्हणायचं नाही. त्या शक्य तितक्या कमी करायच्या आणि त्यांची आठवण नियमाने करायची. प्रतिक्रमण या आत्मपरीक्षणाच्या विधीत जीवमात्राची क्षमा मागितली जाते, म्हणजे ज्याला इजा झाली त्याच्याकडे तोंड वळवलं जातं. कलाविद्यार्थ्याच्या साधनाला हे वर्गीकरण नेमकं लागू पडतं. रेंडरसाठी जळणारा कोळसा ही त्याची उद्योगी हिंसा आहे. ती त्याने योजलेली नाही, टाळून त्याला काम करता येणार नाही, आणि तरीही ती त्याच्या खात्यावर आहे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानता येतात, हेच मला या विचाराचं सर्वांत मोठं देणं वाटतं. पाश्चात्त्य नीतिचर्चेत असा माणूस पुष्कळदा एकतर दोषी ठरतो किंवा निर्दोष. इथे तो ऋणी ठरतो, आणि ऋणी माणसाला काय करायचं ते माहीत असतं: कोणाचं देणं आहे ते आधी नीट लिहून काढायचं.

जगभरच्या कलावंतांनी हे लिहून काढायला सुरुवात केली आहे. ओलाफुर एलिआसन याने 2015 च्या पॅरिस हवामान परिषदेच्या वेळी ग्रीनलंडमधून आणलेले हिमखंडाचे 12 तुकडे शहरातल्या चौकात घड्याळासारखे मांडले आणि वितळू दिले. एवढ्या लांबून बर्फ आणणं हाच प्रदूषणाचा उद्योग, अशी टीका होणार हे उघड होतं. त्याने कामाचा कार्बन हिशेब दुसऱ्या संस्थेकडून करून घेतला आणि प्रसिद्ध केला. तो 30 टनांच्या आसपास होता. आकडा कळल्यावर काम लहान झालं नाही. ते बघणाऱ्याला एक खरा निर्णय करायचा होता: हे 30 टन या अनुभवासाठी खर्चावेत का? याउलट जॉन जेरार्ड याचं 2017 चं 'वेस्टर्न फ्लॅग' पाहा. टेक्ससमधल्या स्पिंडलटॉप इथे 1901 मध्ये तेलाचा मोठा फवारा उडाला. त्या ओसाड जागेवर काळ्या धुराचा झेंडा अखंड फडकताना संगणक दाखवतो. तो चित्रपटासारखा आधी टिपून ठेवलेला नाही, संगणक क्षणाक्षणाला नव्याने गणित करून तो घडवत राहतो. कार्बन वायू डोळ्यांना दिसत नाही, आणि या कामाने त्याला ध्वज दिला. डिजिटल कलेत याच्या तोडीची प्रतिमा मला दुसरी माहीत नाही. पण अदृश्य धूर दिसावा म्हणून केलेल्या या कामाचा स्वतःचा धूर त्या प्रतिमेत नाही. ती न संपणारी आकडेमोड आणि तो एलईडीचा पडदा ज्यावर चालतात, तेही त्या झेंड्याच्याच कुळातलं आहे. प्रतिमा एवढी समर्थ आहे की तिने हे पेलून धरलं असतं.

सर्वांत बोलका दाखला फ्रान्सच्या जोआनी लमर्सिए याचा आहे. प्रकाश आणि प्रोजेक्शन हे त्याचं माध्यम. जर्मनीतल्या हांबाखच्या कोळसा खाणीविरुद्धच्या आंदोलनातही तो होता. स्टुडिओची वीज तो काटेकोर मोजत असे. डिजिटल कलेची बाजारपेठ उसळली होती तो हा काळ. 11 मार्च 2021 रोजी बीपल या डिजिटल कलावंताचं एक काम क्रिस्टीजच्या लिलावात 6 कोटी 90 लाख डॉलरना गेलं. लमर्सिएनेही त्याच्या थोडं आधी आपली सहा कामं ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या संगणकांच्या जाळ्यावर, विकली होती. नंतर त्याने हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की काही सेकंदांच्या त्या विक्रीत त्याच्या स्टुडिओच्या दोन वर्षांच्या वापरापेक्षा जास्त वीज गेली. त्याने पुढच्या विक्र्या रद्द केल्या आणि आकडे सर्वांसमोर ठेवले. ते आकडे कसे काढावेत यावर तेव्हा वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या प्रमुख ब्लॉकचेनने व्यवहार पडताळण्याची आपली पद्धत बदलली आणि तिचा वीजवापर 99 टक्क्यांहून जास्त खाली आला. हा बदल कलावंतांमुळे झाला असं म्हणणं खोटं ठरेल. त्याची तयारी अभियंत्यांनी वर्षानुवर्षं आधीपासून चालवली होती. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: ती उधळपट्टी माध्यमाचा अटळ गुणधर्म नव्हती, तो कोणीतरी घेतलेला निर्णय होता. हिशेब मांडला नसता तर निर्णय आणि अटळ यातला फरक कलावंताला कळला नसता.

यावर रूपवादी वाचक म्हणेल, की हे सगळं नीतिशास्त्र आहे, सौंदर्यशास्त्र नव्हे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयींत सौंदर्याचा उलगडा केला. त्या उलगड्यात विजेच्या बिलाला जागा नाही. आक्षेप वजनदार आहे. चित्र वाईट असेल तर ते सौर ऊर्जेवर केलं म्हणून चांगलं होत नाही, हे मीही मानतो, आणि पुष्कळ पर्यावरणीय कला केवळ सद्हेतूवर तग धरून असते हेही खरं आहे. पण कलाकृतीने स्वतःच आपल्या सामग्रीत जंगल, वीज, खाण आणि सत्ता यांचे अर्थ आणले, की ती वीज त्या रचनेतला एक घटक होते. ती न दाखवणं ही मग रचनेतलीच त्रुटी ठरते. विरोधाची लय उभी करायची आणि सर्वांत तीव्र विरोध, जो भिंतीवरच्या झाडात आणि भिंतीतल्या तारेत आहे, तोच गाळायचा, हे रूपाच्या कसोटीवरसुद्धा कमकुवत काम आहे.

रससिद्धान्ताच्या बाजूने येणारा आक्षेप याहून खोल जातो. भट्टनायकाने साधारणीकरण सांगितलं: कलेतलं दुःख ना माझं, ना परक्याचं, व्यक्ती आणि प्रसंगाच्या गाठी सुटतात आणि म्हणून करुणाचाही आस्वाद घेता येतो. मग युनिट आणि टन यांचे आकडे घुसवून त्या गाठी पुन्हा का मारायच्या? मला वाटतं, पर्यावरणाच्या राजकीय कलेचा धोका नेमका इथे आहे. साधारणीकरणात दुःख सर्वांचं होतं, पण त्याबरोबर आरोपीही हरवतो. पडणारं झाड बघून प्रेक्षक हळहळतो, माणूस किती क्रूर झाला म्हणतो आणि बाहेर पडतो. माणूस नावाच्या कोणी आरेतली झाडं तोडलेली नाहीत. 4 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तोड सुरू झाली, आणि 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. तोडणाऱ्यांचाही युक्तिवाद होता: मेट्रोमुळे मोटारी कमी होतील, तेवढा धूर वाचेल. त्या युक्तिवादाला तोंड न देता केवळ करवत दाखवणारं काम राजकीय म्हणवून घेत असलं तरी राजकीय नाही. तपशील, तारीख, जबाबदारी यांनी करुण रस आटतो असं समजायचं कारण नाही. अमर कंवर यांचं 'द सॉव्हरिन फॉरेस्ट' हे ओडिशातल्या खाणी आणि जमिनींवरचं काम 2012 पासून अनेक ठिकाणी दाखवलं गेलं. त्यात संथ, जवळजवळ ध्यानासारखी चित्रफीत आहे, आणि तिच्या सोबत भाताच्या देशी वाणांचं बियाणं आणि कागदपत्रंही मांडलेली आहेत. गुन्ह्याचा पुरावा म्हणून काय धरायचं, हाच त्या कामाचा प्रश्न आहे. रस आणि पुरावा तिथे एकाच खोलीत राहतात, आणि एकाने दुसऱ्याची जागा खाल्लेली नाही.

सर्वांत कठीण आक्षेप राजकीय डावीकडून येतो, आणि तो मला अनेकदा निरुत्तर करण्याच्या जवळ आणतो. व्यक्तीच्या कार्बन पावलांचा हिशेब ही कल्पना लोकांत रुजवली कोणी? 2000 नंतरच्या दशकात ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीने, जाहिरातींच्या जोरावर. प्रत्येकाने आपापला दिवा मोजत बसावं आणि तेलविहिरीकडे कोणी बघू नये, अशी त्या कल्पनेची चाल होती. मग विद्यार्थ्याला त्याची दोनशे युनिट मोजायला लावणं म्हणजे त्याच चालीला बळी पडणं नाही का? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने 2024 मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली. त्यापुढे एका विद्यार्थ्याचं रेंडर कुठे आणि त्याची अपराधी भावना कुठे? उत्तर हिशेबाच्या प्रकारात आहे. तेल कंपनीने शिकवलेला हिशेब माणसाशी सुरू होतो आणि माणसापाशीच संपतो; मी म्हणतो तो हिशेब सॉकेटपासून निघून डहाणूपर्यंत, हसदेवपर्यंत जातो. पहिला विचारतो, तू किती वापरलंस? दुसरा विचारतो, तू वापरलेलं कोणाकडून आलं, ते देण्याचा निर्णय कोणी घेतला, आणि ज्यांनी दिलं त्यांना विचारलं होतं का? हाच हिशेब पुढे नेला तर काँगोतलं कोबाल्ट त्यात येतं, दिल्लीच्या सीलमपूरमध्ये जुन्या सर्किटमधून तांबं काढणारे हात येतात. 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निघाला, त्यातल्या पाव हिश्श्याहूनही कमी कचऱ्याची रीतसर विल्हेवाट नोंदली गेली. हे सगळं अपराधी वाटण्यासाठी मांडायचं नाही. अपराधी वाटणं हे शेवटी स्वतःभोवती फिरणं आहे. हे मांडायचं ते सत्तेच्या त्या साखळीत चित्र काढणारा नेमका कुठल्या कडीवर उभा आहे हे दिसावं म्हणून. त्या जागेचा उल्लेख नसलेलं राजकीय चित्र आपण जणू कुठेच उभे नाही आहोत अशा थाटात बोलतं, आणि असं कुठेच उभं न राहता बोलणं ही तर सत्तेची नेहमीची भाषा आहे.

उरला शुद्धतेचा आग्रह. एवढं असेल तर संगणक सोडा, कोळशाच्या कांडीने भिंतीवर चित्र काढा, असं कोणी म्हणेल. हे म्हणणं वरून कठोर दिसतं, पण त्यातून फक्त गप्प बसवण्याचं काम साधतं. गांधींनी 'हिंद स्वराज'मध्ये रेल्वेवर जळजळीत टीका केली आणि नंतर आयुष्यभर ते रेल्वेने फिरले. याला विसंगती म्हणणारे तिसऱ्या वर्गाचा डबा विसरतात. त्यांनी साधन वापरलं, पण कसं वापरलं हेच त्यांचं म्हणणं झालं. 1917 मध्ये त्या डब्यातल्या हालांवर त्यांनी लिहिलंही. वापरणं आणि उघडपणे, काही एका मर्यादेत, कोणाच्या तरी शेजारी बसून वापरणं यात फरक आहे. मुंबईचे कलावंत तुषार जोग 2010 मध्ये मोटारसायकलवरून मुंबईहून शांघायला निघाले. वाट सरदार सरोवर आणि चीनच्या थ्री गॉर्जेस या दोन धरणांवरून काढली होती. पेट्रोल जाळतच ते गेले. ज्यांची घरं पाण्याखाली गेली त्यांच्यापर्यंत स्वतःच्या शरीराने पोचणं हा त्या कामाचा गाभा होता. नलिनी मालानी, ज्या 1969 मध्ये सर ज. जी. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्या, त्यांनी पन्नास वर्षांच्या कामानंतर आयपॅडवर बोटाने रेखाटत छोटी छोटी अ‍ॅनिमेशन केली आणि 2020 मध्ये ती लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये भिंतीभिंतींवर एकमेकांत मिसळत दाखवली. त्यांच्या मुळाशी जम्मू-काश्मीरमधल्या एका आठ वर्षांच्या मुलीवर झालेला अत्याचार होता. रेषा ओबडधोबड, खोडून पुन्हा काढलेल्या. रेंडरच्या झगमगाटाचा मागमूस नाही. त्यांनी हे वीज वाचवण्यासाठी केलं असं मी म्हणत नाही. पण रागाला आणि दुःखाला चार हजार फ्रेमवर सावल्या पाडायची गरज नसते, हे त्यातून दिसतं, आणि पानापानावर प्रकाश पाडणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःला विचारावं की तो प्रकाश झाडासाठी आहे की परीक्षकासाठी.

म्हणून कला महाविद्यालयांच्या शिक्षकांना आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. या वर्षीच्या प्रदर्शनात चित्राखालच्या चिठ्ठीवर माध्यम आणि कालावधी यांच्या खाली आणखी तीन ओळी छापा: काम घडवायला आणि दाखवायला अंदाजे किती युनिट लागले, शहराची वीज मुख्यतः कुठून येते, आणि रेषा किंवा विषय ज्या लोकांकडून घेतला त्यांचं गाव कोणतं. त्यांना काम दाखवलं का, त्यांनी काय सांगितलं, हेही लिहा. दाखवलं नसेल तर तसं लिहा. परीक्षकांनी या ओळींना गुण देऊ नयेत, नाहीतर त्याही सजावट होतील. आणि आरेवरचं प्रोजेक्शन महाविद्यालयाच्या अंधाऱ्या खोलीतून काढून एखाद्या संध्याकाळी आरेतल्या पाड्यावर आणि डहाणूतल्या गंजाडला नेऊन दाखवा. मुंबईहून लोकलने डहाणू तीन तासांच्या आत येतं.